दादाच्या ‘जाऊ दे’वर

ती. दादा,


परवा फोनवर तू म्हणालास, “जाऊ दे गं, 299 रुपयांनी मी काही भिकेला लागत नाही,” आणि वर हसलास. मला नाही हसू आलं. निपाणीच्या त्या मिक्सरसाठी पावती नाचवत दुकानाच्या पायरीवर ठाण मांडणारा तूच ना? वहिनी लाजून पलीकडच्या फुटपाथवर उभी!

तुझ्या शिल्पाने फोनवरच्या त्या नाटकांच्या ॲपचे फोटो पाठवले. ‘सात दिवस संगीत नाटके मोफत’ हे ठसठशीत, आणि खाली मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत ‘नंतर दरमहा 299’. सभासदत्व बंद करायला जावं तर या पानावरून त्या पानावर पिटाळतात आणि शेवटच्या बटणावर काय, तर ‘नको, मला आपली संस्कृती जपायची नाही’. निर्लज्ज मेले!

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या केंद्रीय प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला असल्या 13 क्लृप्त्यांची यादीच काढून त्यांना मनाई केली आहे. वर्गणीचा हा सापळा त्यात आहे, लाज काढणारं बटणही आहे. फुकट चाखायला देताना आधीच खात्यातून परस्पर पैसे कापायची परवानगी घेणं, तेही आहे. कार्डावरून असे पैसे कापण्याच्या 24 तास आधी कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण साधारण 15,000 पर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, आणि तू मेसेज कधी वाचतोस?

म्हणून सांगते, पासबुक! दर महिन्याला भरून आणावं, पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचावी. बाबा वाचायचे. पासबुक वाचणाऱ्याला कर्ज होत नाही, घरात भांडणं होत नाहीत, झोपही चांगली लागते. हस हवं तर. पण तक्रारही कर. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत काढली तेव्हा ग्राहकांसाठी असा कायदाच नव्हता, तो आला 1986 मध्ये. आज 1915 हा ग्राहकांच्या तक्रारींसाठीचा फोन आहे, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. आणि तू म्हणतोस जाऊ दे! तुझ्यासारख्यांच्या ‘जाऊ दे’वरच तर त्यांची दुकानं चालतात. तक्रारीला मुदत दोन वर्षांची, हेही ध्यानात ठेव.

यूपीआयमध्ये ‘ऑटोपे’ आहे, ते उघड. अनोळखी दिसेल त्याचा फोटो काढून ठेव, मग रद्द कर. 1915 ला मात्र तूच बोल, शिल्पाला पुढे करू नकोस.

खरं तर पैशांचं एवढं नाही रे. शिल्पा म्हणाली, त्यातलं एकही नाटक तू लावलेलं नाहीस. मग संध्याकाळभर फोन घेऊन करतोस काय? आणखी कशाकशाला ‘हो’ म्हणून बसला आहेस? कुणी गोड बोलून ओटीपी विचारला तर सांगत नाहीस ना? आणि कानाची तपासणी केलीस का? माझ्याशीसुद्धा हल्ली तू सारखा ‘हो, हो’ म्हणतोस. त्यातलं निम्मं तुला ऐकूच येत नाही, असा मला दाट संशय आहे.

तुझी,
शकू