शंखावरची जाळी आणि वसईचं बावखल

वसईला गेलेला पाहुणा बहुधा किल्ला बघून परत फिरतो. चिमाजी अप्पांच्या फौजेनं १७३९ साली जिंकलेला हा किल्ला बघायलाच हवा. पण या सुट्टीत माझ्या दहा वर्षांच्या भाचीनं हट्ट धरला, "मामा, आधी समुद्र!" मग काय, आम्ही भुईगावचा किनारा गाठला.

ओहोटी होती. ती शंख गोळा करत होती. एकदम ओरडली, "मामा, हा शंख कुणीतरी विणलाय!"

शंखाच्या पाठीवर खरंच पांढरी जाळी होती, आजीच्या क्रोशाच्या रुमालासारखी. खिशातलं भिंग काढून पाहिलं, तर जाळीचं प्रत्येक भोक म्हणजे एकेक चिमुकली खोली!

"यात कोण राहायचं?"

"ब्रायोझोआ," मी म्हटलं. या ग्रीक नावाचा अर्थ शेवाळासारखे प्राणी. यातला एकेक जीव सहसा मिलिमीटरभरही नसतो. तो स्वतःभोवती खोली बांधतो. त्याच्यापासूनच शेजारी दुसरा जीव फुटतो, त्याची दुसरी खोली. अशी शेकडो खोल्यांची चाळ तयार होते! दारातून मिशांसारखे तंतू बाहेर काढायचे, पाण्यातलं बारीकसारीक अन्न पकडायचं आणि धोका दिसला की झटकन आत. किनाऱ्यावर तर ते असतातच, पण हजारो मीटर खोल, काळ्याकुट्ट समुद्रातही त्यांच्या चाळी आहेत.

'चॅलेंजर' नावाच्या जहाजानं १८७२ ते १८७६ या काळात जगभरचे समुद्र धुंडाळले. त्यानं तळातून वर आणलेले ब्रायोझोआ जॉर्ज बस्क या शास्त्रज्ञानं तपासले आणि त्यांची वर्णनं १८८४ व १८८६ साली दोन भागांत छापली. त्यांत कितीतरी नव्या जाती होत्या.

"मग हा पण नवा असेल! याला माझं नाव देऊ या?"

मला हसू आलं. स्वतःचं नाव द्यायची रीत नाही, मी सांगितलं. शिवाय जीव नवा आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. खोलीची लांबी-रुंदी मोजायची, दाराचा आकार, काटे, छिद्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. आजवर छापलेल्या सगळ्या वर्णनांशी ताडून बघायचं. कशाशीच जुळलं नाही, तर चित्रांसकट वर्णन छापायचं आणि तो नमुना संग्रहालयात जपून ठेवायचा. पुढे कुणाला शंका आली, तर त्यानं तोच नमुना पाहावा.

"आणि दुसऱ्यानं आपलं नाव दिलं तर?"

"तर चालतं! मुंबईत तसं घडलंय. चल, ती गोष्ट समुद्राकाठी नाही, गोड्या पाण्याकाठीच सांगायला हवी."

किनाऱ्यापासून आत वळलं की वाड्या लागतात. तिथे एका बावखलाशी आम्ही थांबलो. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरींना पुरतं. काठावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "पूर्वी यावर रहाट होता. केळीला, पानवेलीला हेच पाणी. आता पुष्कळ बावखलं बुजवली."

ब्रायोझोआंचे काही भाऊबंद अशाच गोड्या पाण्यात राहतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईत हेन्री जॉन कार्टर नावाचे डॉक्टर होते. रिकाम्या वेळी ते शहरातल्या तळ्यांमधले स्पंज आणि इतर बारीक जीव तपासत. तिथल्याच एका जेलीसारख्या ब्रायोझोआबद्दल त्यांनी १८५९ साली लिहिलं. पुढे १८६६ साली अमेरिकेतल्या अल्फियस हायट यांनी त्या जातीला नाव दिलं कार्टेरी, म्हणजे 'कार्टर यांचा'. आज तिचं पूर्ण नाव आहे लोफोपोडेला कार्टेरी. हिचे तंतू घोड्याच्या नालेच्या आकारात असतात. पाणी आटलं तरी हिची मोहरीहून लहान सुप्तबीजं तग धरतात. चार वर्षांहून अधिक काळ कोरडी राहिलेली बीजंही पाण्यात रुजली आहेत!

"ते तळं आता कुठाय?" भाचीनं विचारलं.

कार्टर यांनी नेमकी कोणती तळी पाहिली, ते शोधत बसण्यापेक्षा मी तिला एवढंच सांगितलं: मुंबईचा धोबीतलाव आज नावापुरता उरलाय, पाणी नाही. गवालिया टँकवर मैदान झालं. कार्टरांच्या जेलीचं नशीब थोर, तिला वेळेत कुणीतरी पाहिलं. पण बुजलेल्या तळ्यात नाव नसलेलं कुणी असेल, तर त्याची नोंद कोण करणार? सुप्तबीज दुष्काळातून वाचेल, पण भराव आणि काँक्रीटखालून नाही.

आजोबांना विचारून आम्ही पाण्यात तरंगणारी एक काटकी उलटून पाहिली. दोन गोगलगाई निघाल्या. जेली काही नाही. काटकी होती तशी परत ठेवली. भाची हिरमुसली.

"काही नाही मिळालं, तर तेही लिही," मी म्हटलं.

तिनं वहीत तारीख टाकली, बावखलाची खूण लिहिली, दोन गोगलगाईंचं चित्र काढलं. घरी आल्यावर शंख काड्यापेटीत कापसावर ठेवला आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'भुईगाव किनारा. ओहोटी. नाव : शोधायचंय.'