विलीचे रान

पिंजऱ्याचे दार उघडले, की आतील जीव क्षणाचाही विलंब न लावता बाहेर झेप घेईल, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्याचे जवळजवळ सारे आयुष्य चार भिंतींच्या आत गेले, त्याला उघडे दारसुद्धा परके वाटते. अमेरिकेतील अटलांटा शहरी राहणाऱ्या विली बी. नावाच्या गोरिलाची कहाणी हेच सांगते.

विली अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात आला तो १९६१ साली. त्या वेळी तो अवघा तीनएक वर्षांचा होता. शहराचे तेव्हाचे महापौर विल्यम बी. हार्ट्सफील्ड यांच्या नावावरून त्याचे नाव ठेवण्यात आले. नाव मोठ्या माणसाचे मिळाले खरे. परंतु त्या बालजीवाचे जे स्वतःचे होते, ते सारे दूर राहिले होते. त्याच्या जातीचे गोरिला पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील सखल प्रदेशांतल्या घनदाट अरण्यांत राहतात. गोरिलाची आई आपले पिल्लू सहजासहजी कोणाच्या हाती लागू देत नाही. म्हणून त्या काळी पिल्लू पकडण्यासाठी शिकारी पुष्कळदा त्याच्या आईलाच ठार करीत.

अटलांटात विलीसाठी एक बंदिस्त पिंजरा तयार होता. त्याची जमीन सिमेंटची होती. झोके घेण्यासाठी मोटारीचे एक टायर टांगलेले होते. पुढे त्याला करमणूक व्हावी म्हणून एक दूरचित्रवाणी संचही बसविण्यात आला. जिवंत सोबती मात्र एकही नव्हता. ऋतू येत आणि जात. परंतु पाऊस, ऊन, गवत, माती यांपैकी काहीच त्या पिंजऱ्यात शिरत नसे. अशी एक नव्हे, दोन नव्हे, तब्बल २७ वर्षे लोटली!

हे सारे कोणी दुष्टपणाने केले होते, असे मात्र नाही. सिमेंटची जमीन पाण्याने स्वच्छ धुता येते, त्यामुळे रोगराई पसरत नाही आणि प्राणी दीर्घकाळ जगतो, असा विचार त्यामागे होता. रानातील गोरिला कसा जगतो, याची माहितीही त्या वेळी फारच थोड्यांना होती. जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाने १९५९ साली आफ्रिकेच्या डोंगरांत राहून गोरिलांचे बारकाईने निरीक्षण करण्यास आरंभ केला. पुढे १९६७ पासून डायन फॉसी या विदुषीने ते कार्य वर्षानुवर्षे चालविले. तेव्हा कोठे जगाला कळू लागले, की ज्याला आपण भयंकर राक्षस समजत होतो, तो वास्तविक मोठा कुटुंबवत्सल प्राणी आहे.

गोरिलाचे कुटुंब पाहण्यासारखे असते. एक प्रौढ नर, काही माद्या आणि त्यांची पिल्ले असा तो परिवार असतो. नर वयात आला, की त्याच्या पाठीवरील केस रुपेरी होतात. तोच कुटुंबाचा कर्ता. तो उठला की सारी मंडळी उठतात आणि तो थांबला की थांबतात. फळे, पाने, कोवळे देठ शोधीत हा परिवार दिवसभर रानातून हिंडतो. दुपारी मोठी माणसे विसावा घेतात आणि पिल्ले बापाच्या अंगावर खुशाल चढउतार करतात. सायंकाळी प्रत्येक जण पाने व फांद्या वाकवून आपला बिछाना तयार करतो. दुसऱ्या दिवशी नवे रान आणि नवा बिछाना! छाती बडवून नर जो आवाज करतो, तोदेखील बहुधा मारामारी टाळण्यासाठीच असतो. ‘मी येथे आहे, जपून असा,’ एवढेच जणू तो सांगत असतो.

विलीच्या पाठीवरचे केसही यथाकाळ रुपेरी झाले. पण तो कोणाचा कर्ता होणार? हिंडावे तर वाट नाही, बिछाना करावा तर पान नाही आणि छाती बडवावी तर ऐकणारा गोरिला नाही.

अटलांटातील मुलांचे विलीवर फार प्रेम होते. लहानपणी ज्यांनी त्याला पाहिले, ती मुले मोठी झाली आणि आपल्या मुलांना घेऊन त्याला पाहावयास आली. विली तेथेच होता. प्रेम होते, परंतु त्या प्रेमाला डोळे येण्यास वेळ लागला. १९८४ साली त्या प्राणिसंग्रहालयाच्या दुरवस्थेवर चोहोकडून टीका झाली. देशातील अत्यंत वाईट प्राणिसंग्रहालयांत त्याची गणना होऊ लागली. तेव्हा शहर जागे झाले. वानरांच्या वर्तनाचा अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ टेरी मेपल यांच्याकडे संचालकपद सोपविण्यात आले आणि जुने पिंजरे मोडून नवी रचना करण्याचे ठरले.

अशा रचनेची कल्पना अगदीच नवी नव्हती. जर्मनीत कार्ल हागेनबेक यांनी १९०७ सालीच गजांऐवजी खंदकांचा उपयोग करून प्राण्यांना मोकळ्या जागेत ठेवून दाखविले होते. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गोरिलांसाठी झाडाझुडपांचे हिरवे रान तयार झाले. गोरिला झाडे उपटून टाकतील, रानाची नासधूस करतील, अशी भीती पुष्कळांनी घातली होती. तरीही ते रान हिरवेच राहिले. अटलांटानेही तोच मार्ग धरला. चढउतारांची जमीन, गवत, वृक्ष, खडक आणि भोवती खंदक अशी वनस्थळी तयार झाली. गोरिलांची निरनिराळी कुटुंबे शेजारी शेजारी राहावीत, त्यांनी एकमेकांना पाहावे आणि ऐकावे, अशीही योजना करण्यात आली.

१९८८ च्या मे महिन्यात विलीसाठी दार उघडले गेले. त्याचे वय आता तीस वर्षांच्या आसपास होते. सर्वांच्या मनात एकच शंका होती: हा बाहेर येईल का? ज्याच्या पायाला २७ वर्षे सिमेंटखेरीज काही लागले नाही, त्याला गवताची भीती वाटणार नाही का? कोणी त्याला ढकलले नाही, कोणी ओढले नाही. त्याने आपल्या पायांनी आणि आपल्या वेळी यावे, हेच योग्य होते. आणि विली आला! जपून, बिचकत, पण आला. शहराने इतकी वर्षे ज्याला छपराखाली पाहिले होते, तो आता आभाळाखाली उभा होता.

रान मिळाले, परंतु गोरिला एकट्याने राहणारा प्राणी नव्हे. विलीला सोबतीही मिळाले. इतकी वर्षे आपल्या जातीचा दुसरा जीव ज्याने पाहिला नव्हता, तो त्यांच्याशी कसा वागेल, हा मोठा प्रश्न होता. विलीने त्याचे उत्तर हळूहळू दिले. तो कुटुंबात रुळला, त्याचा प्रमुख झाला आणि १९९४ च्या फेब्रुवारी महिन्यात बापही झाला! त्याच्या पहिल्या मुलीचे नाव कुडझू. पुढे त्याला आणखी तीन मुली आणि एक मुलगा झाला. जो कोणाच्या खांद्यावर वाढला नव्हता, त्याच्या भल्यामोठ्या देहाभोवती आता पिल्ले बागडू लागली.

२००० सालच्या फेब्रुवारीत विली मरण पावला. त्याला अखेरचा निरोप देण्यासाठी हजारो नागरिक जमले. त्यांत आजोबा होते, आईबाप होते आणि मुलेही होती. त्याचा ब्राँझचा पुतळा त्या प्राणिसंग्रहालयात उभारण्यात आला. त्याची मुले-नातवंडे मात्र सिमेंटवर वाढली नाहीत, हेच त्याचे खरे स्मारक म्हणावे लागेल.

विलीचे रान हे आफ्रिकेचे अरण्य नव्हते. त्याला खंदकाची सीमा होती आणि त्याच्या आयुष्यातील गेलेली २७ वर्षे कोणालाही परत देता आली नाहीत. ज्या अरण्यांतून त्याच्यासारखी पिल्ले आणली गेली, तेथील गोरिलाही आज शिकार, वृक्षतोड आणि रोग यांमुळे नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत. म्हणून एक रान उभारून माणसाचे ऋण फिटत नाही. परंतु चूक कळल्यावर ती कबूल करणे आणि जेवढी सुधारता येईल तेवढी सुधारणे, हे माणसाच्या हाती असते. बंद केलेले दार उघडणे हे त्याचे पहिले कर्तव्य होय. आणि आतल्या जिवाला बाहेर येण्याचे धैर्य येईपर्यंत ते उघडे ठेवून शांतपणे वाट पाहणे, हे दुसरे.