वाशी ते तुर्भे : साडेपाच किलोमीटरची वाट

प्रवासवर्णन म्हटले की काश्मीर, कन्याकुमारी, नाहीतर बुद्धगया आणि सारनाथ डोळ्यांसमोर येतात. पण ज्या प्रवासावर आमच्या घरची चूल पेटते, तो प्रवास अवघा साडेपाच किलोमीटरचा आहे. वाशीतील आमच्या घरापासून तुर्भ्याच्या एमआयडीसीतील कंपनीच्या फाटकापर्यंत. गेली एकोणीस वर्षे आम्ही तो सायकलवर करीत आलो आहोत. त्यावर लिहावे असे कधी वाटले नव्हते. या जूनमध्ये आमच्या थोरल्या मुलीला तुर्भ्याच्याच एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून घेतले आणि त्याच रात्री जेवताना ती म्हणाली, "पप्पा, मी पण सायकलनेच जाणार."

तिच्या आईने वाढता वाढता हात थांबवला. "तुम्ही जाता तेवढे पुरे आहे. संध्याकाळी तुम्ही दारात दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. पोरीला त्या ट्रकांत पाठवायची नाही."

एकोणीस वर्षांत ही गोष्ट तिने आम्हाला प्रथमच सांगितली.

तेव्हापासून आम्ही आमच्याच रस्त्याकडे नव्याने पाहू लागलो. कामावर जाण्याची चांगली वाट कशी असावी? अंतराची तक्रार नाही. पाच-सहा किलोमीटर म्हणजे सायकलला पंचवीस ते तीस मिनिटे. अंगातली झोप उडते, पण घामाने सदरा भिजत नाही. जमीनही सपाट आहे. वाशी वसली तीच मुळी मिठागरांच्या, भातखाचरांच्या आणि खाडीकाठच्या जमिनीवर. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नवी मुंबईत सर्वांत आधी वसले ते वाशी. माणसाचे घर आणि काम जवळजवळ असावे, त्याने रोज मुंबईला लोंबकळत जाऊ नये, असा त्या आखणीमागचा विचार होता. आमच्यापुरता तो खरा ठरला. घर वाशीत, काम तुर्भ्यात. म्हणजे कागदावर आमचा प्रवास आदर्शच म्हणायचा.

सेक्टरांच्या आतले रस्ते तर खरोखरच आदर्श आहेत. सकाळी साडेसातला गुलमोहर आणि सोनमोहरांची सावली असते, दूधवाले, शाळेची पोरे, इस्त्रीवाल्याची गाडी असते. इथे मोटारवालाही हळू चालतो, कारण कोण कुठून आडवे येईल याचा नेम नाही. आम्ही लहान असताना याच रस्त्यांवर वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून फिरलो. पुढे बी.कॉम.ची तीन वर्षे त्यांच्याच सायकलवर काढली. २०२० साली ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलस कंपनीच्या साहिबाबादच्या कारखान्यातील काम थांबल्याची बातमी वाचली, तेव्हा ती सायकल घरात उभी होती. वडिलांनी तिच्यावरून नुसता हात फिरवला.

एक गंमत सांगायची राहिली. तुर्भे हे वाशीच्या पूर्वेला. त्यामुळे सकाळी जाताना ऊन समोरून आणि संध्याकाळी परतताना पुन्हा समोरूनच. वर परतताना खाडीवरून येणारा वारा छातीवर. तुर्भे स्टोअर्सच्या वस्तीतून आमच्या ज्या भगिनी वाशीला घरकामाला येतात, त्यांच्या मात्र दोन्ही वेळा पाठीवर ऊन. "बघा, एवढे तरी आमच्या वाट्याला बरे आले," असे त्यांच्यापैकी एक बाई आम्हाला म्हणाल्या होत्या. ही नुसती गंमत नव्हे. डोळ्यांवर ऊन आम्हाला येते तसे मागून येणाऱ्या ट्रकवाल्यालाही येते, आणि त्याच वेळी त्याच्यापुढे आमची सायकल असते.

कृषी उत्पन्न बाजार समितीचा परिसर लागला की रस्त्याचा नूर पालटतो. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळे आणि भाजी अशी पाच मार्केटे. मुंबईच्या मस्जिद बंदर आणि भायखळा भागातला घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने इथे आला. रात्रभर नाशिक, पुणे, साताऱ्याकडच्या गाड्या खाली होतात. आपण पोहोचतो तेव्हा माथाडी बांधव घामाघूम होऊन चहा घेत असतात, वाऱ्यावर कांद्याची टरफले उडत असतात, आणि रस्त्यावर कोबीचा पाला पडलेला असतो. या पाल्यावर चाक गेले की सायकल साबणावर गेल्यासारखी सरकते. आम्ही दोनदा पडलो आहोत. एकदा नुसते गुडघे फुटले, दुसऱ्या वेळी डबा फुटला. दुःख डब्याचेच अधिक झाले. एप्रिल-मे महिन्यांत मात्र फळबाजारापाशी हापूसचा असा घमघमाट असतो की खिशात दमडी नसताना माणूस श्रीमंत होऊन पुढे जातो.

खरा प्रश्न त्यापुढचा. रेल्वे ओलांडली की ठाणे-बेलापूर रस्ता आडवा येतो. कंटेनर, टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या, आणि त्यांच्या मधून सायकलवाले. इथे आम्ही रोज उतरतो. सायकल हातात धरून, दहा-बाराजणांचा घोळका जमला की एकदम पलीकडे जातो. एकट्याने जायचे नाही, हा तिथला अलिखित कायदा आहे.

वडील सांगतात, नोकरीला लागल्यावर पहिली सायकल घेऊन ते मराठवाड्यातल्या गावी गेले, तेव्हा चावडीसमोरून जाताना त्यांना खाली उतरावे लागले होते. आमच्या माणसाने बसून जायचे नाही अशी रीत होती. त्यानंतर त्यांनी सायकल गावी नेली नाही. बेलापूर पट्टीतल्या नोकरीत त्यांनी तीस वर्षे सायकल चालवली आणि आपण इथे कुणासाठी उतरत नाही, हे ते अभिमानाने सांगत. आम्ही रोज उतरतो, हे आम्ही त्यांना अजून सांगितलेले नाही.

याबाबत आम्ही मंडळातर्फे संबंधित कार्यालयाला निवेदन दिले होते. त्याआधी एका सकाळी पाऊण तास उभे राहून जाणाऱ्या सायकली मोजल्या. चार उभ्या रेघा आणि एक आडवी, अशी वहीची दोन पाने भरली. उत्तर आले की त्या ठिकाणी सायकलस्वारांची संख्या नगण्य आहे. आम्ही वही घेऊन पुन्हा गेलो. साहेबांनी ती चाळली आणि विचारले, "हे सगळे कामगारच ना?"

आम्ही म्हणालो, "होय साहेब, कामगारच."

सायकलीकडे कुणाचे लक्ष नाही असे मात्र नाही. पाम बीच रस्त्याकडेला महापालिकेने सायकल मार्गाचे काम केले. २०१८ मध्ये मोबाइलवर चालणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. रविवारी पहाटे तिकडे हेल्मेट घातलेली मंडळी रांगेने जाताना पाहून आम्हालाही आनंद होतो. व्यायाम सर्वांनी करावा. पण ज्यांना आठ वाजता पंच करायचे असते, ते लोक त्या रस्त्याने जात नाहीत. त्यांचा रस्ता बाजारामागून जातो. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. जवळजवळ बावीस किलोमीटरचा पूल, त्यावर मोटारसायकललाही मनाई. आम्हाला त्या पुलावर जायचेच नाही. आम्हाला एका रस्त्याच्या पलीकडे जायचे आहे.

हॉलंडमध्ये आज सायकलवाल्यांना वेगळे रस्ते आहेत, ते काही आपोआप झाले नाहीत. तिकडेही मोटारींचे राज्य आले होते. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांनी रस्ते अडवले. त्या मागणीतून आणि पुढे पेट्रोलच्या टंचाईतून तिथले धोरण बदलत गेले. मुलीच्या आईला हे सांगितले, तर ती म्हणाली, "मग त्या आया माझ्यासारख्याच होत्या की."

पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या रविवारी आम्ही बापलेक दोघे निघालो. आधी तिच्या सायकलचे सीट उंच केले. पॅडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे, नाहीतर महिन्यात गुडघे धरतात. ब्रेकचे गुटके नवे घातले. पावसात ओल्या रिमवर गुटक्यांची पकड सुटते आणि सायकल कितीतरी पुढे जाऊन थांबते, म्हणून ब्रेक आधीपासून हळूहळू दाबत जायचा, हे तिच्याकडून दहा वेळा करून घेतले. खाडीच्या खाऱ्या हवेने चेन लवकर गंजते, तेव्हा पंधरा दिवसांनी तेल हवेच. मागे लाल रिफ्लेक्टर बसवला. पूर्वी गावोगाव सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागत असे आणि दिवा नसेल तर पोलीस अडवीत. आता कुणी अडवीत नाही, म्हणून दिव्याची गरज संपली असे समजू नये.

बाजारापाशी एक ट्रक सिग्नलला उभा होता. आम्ही तिला उतरवले आणि ड्रायव्हरसाहेबांना विनंती केली, की मुलीला एकदा केबिनमध्ये बसू द्या. भला माणूस, त्याने पुढे जाऊन गाडी कडेला घेतली. मुलगी वर चढली. आम्ही सायकल घेऊन ट्रकच्या डाव्या बाजूला, दारापाशी उभे राहिलो.

"पप्पा, तुम्ही कुठे गेलात?" वरून आवाज आला.

एवढेच दाखवायचे होते. ट्रकच्या डाव्या अंगाला, दारालगत उभा असलेला सायकलवाला वरून दिसत नाही. ट्रक डावीकडे वळला की त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात आणि कडेच्या माणसाला ओढून घेतात. सिग्नलला ट्रकच्या डावीकडून पुढे घुसायचे नाही. मागे राहायचे. दोन मिनिटे गेली तरी चालतील.

मोठा रस्ता आम्ही दोन ठिकाणी ओलांडून पाहिला. नेहमीच्या जागेपेक्षा पुढे, सिग्नलवर गेले तर सुमारे एक किलोमीटर वाढतो, पण पायी चालणाऱ्यांसाठी गाड्या तिथे थांबतात. एकोणीस वर्षे आम्ही तो किलोमीटर वाचवीत होतो. मुलीने घड्याळ पाहिले. सात मिनिटे जास्त.

कंपनीच्या फाटकाशी तिने विचारले, सायकल कुठे लावायची? आमच्या कंपनीत साहेबांच्या मोटारींना पत्र्याची शेड होती आणि सायकली मागे भंगाराशेजारी, उन्हात. सीट तापून चटका बसे, पावसात चेन सडे. संघटनेने दोन वर्षे विषय लावून धरला, तेव्हा कुठे सहा पत्रे मिळाले. तिच्या कारखान्यात काय आहे, ते तिलाच पाहावे लागणार होते.

सोमवारी ती सव्वासातलाच निघाली. आम्ही सोबत येतो म्हटले, तर नको म्हणाली. तिच्या आईने कॅरिअरला डबा बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाली, "सिग्नलवरूनच जा हं." मग आमच्याकडे वळून, "आणि तुम्हीसुद्धा."

आठ वाजून दोन मिनिटांनी फोन आला. शेड आहे, पण फक्त मोटारसायकलींसाठी. वॉचमन काकांनी आज सायकल लावू दिली. उद्याचे उद्या बघू म्हणाले.