शीर्षकपानाच्या पाठीमागे

नवं पुस्तक हातात आलं की लोक आधी मुखपृष्ठ बघतात, मग मलपृष्ठ. मी शीर्षकपान उलटते. त्याच्या पाठीमागे, छापखान्यात ज्याला क्रेडिट पान म्हणतात तिथे, पहिली आवृत्ती कधीची, दुसरी कधीची, मुद्रक कोण, किंमत किती, एवढंच असतं. स्वतःची पुस्तकं स्वतः काढायला लागल्यापासून हे पान मला सगळ्यांत जोखमीचं वाटतं. तिथे वाचकाला हिशेब द्यायचा असतो.

*

विहिरी-बारवांच्या पुस्तकाच्या पहिल्या ५०० प्रती. १७६ पानं, म्हणजे सोळा पानी अकरा फर्मे. सव्वा वर्षात संपल्या. छापखान्याचे मालक म्हणाले, "ताई, फाइल तयारच आहे. वर दुसरी आवृत्ती टाकू आणि उद्या मशीनवर चढवू." मी थांबवलं.

अक्षरही न बदलता पुन्हा छापलं तर ते पुनर्मुद्रण. काही बदललं, वाढवलं, गाळलं तर ती आवृत्ती. मराठीत दोन्हीला सर्रास आवृत्तीच म्हणतात. मुखपृष्ठावर 'सातवी आवृत्ती' वाचणाऱ्याला वाटतं, लेखकाने सहा वेळा पुस्तक पुन्हा हाताखालून घातलं. मला हे अजिबात पटत नाही. ज्याच्या घरी जुनी प्रत आहे त्याने नवी घ्यावी की नाही, हे त्याला त्या एका शब्दावरून ठरवायचं असतं.

*

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. दुसरी आवृत्ती १८५७ची. मधल्या सव्वीस वर्षांत शब्द सुमारे चाळीस हजारांवरून साठ हजारांवर गेले. आवृत्ती म्हणावी ती ह्याला. आज कित्येक मराठी घरांतल्या कपाटात जो जाडजूड ठोकळा असतो, तो ह्या १८५७च्या आवृत्तीवरून पुण्यात १९७५ साली पुन्हा छापलेला.

*

आयएसबीएनबद्दल नवे लेखक फोन करून विचारतात, म्हणून इथे लिहून ठेवते. भारतात तो फुकट मिळतो. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यालाही करता येतो. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. पुनर्मुद्रणाला जुनाच क्रमांक चालतो. किंमत वाढवली तरी चालतो. मजकूर बदलून नवी आवृत्ती काढली तर नवा. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक, तिघांना तीन वेगळे.

मलपृष्ठाचं प्रूफ आलं की हे तेरा आकडे मी स्वतः पडताळते. पहिला आकडा तसाच, दुसऱ्याची तिप्पट, तिसरा तसाच, चौथ्याची तिप्पट, असं शेवटपर्यंत करून बेरीज करायची. बेरजेला दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. नाही गेला तर कुठेतरी बोट चुकलंय. दोन मिनिटांचं काम आहे.

*

साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटांची विहीर आहे. शिलालेखात बांधकामाचा काळ शके १६४१ ते १६४६ दिलाय, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. माझ्या पुस्तकात पान ८८ वर छापलं गेलं शके १७४१. एका आकड्याने विहीर शंभर वर्षं पुढे सरकली, शाहू महाराजांच्या काळातून उचलली जाऊन १८१९ सालात पडली. तोवर पेशवाईसुद्धा बुडाली होती.

प्रूफं मी चार वेळा वाचली होती. चूक सापडली ती एका निवृत्त गुरुजींना. फोनवर पहिलंच वाक्य, "बाई, मी विहिरीवर जाऊन बघून आलो." मला त्या क्षणी लाज वाटली आणि पाठोपाठ फार बरं वाटलं. आपलं पुस्तक घेऊन कुणीतरी पायऱ्या उतरून गेलं होतं.

तेव्हा १४० प्रती शिल्लक होत्या. बोटभर रुंदीच्या पट्ट्या छापून घेतल्या आणि तीन संध्याकाळी बसून प्रत्येक प्रतीत पान ८८ च्या समासात डिंकाने चिकटवल्या. डिंक जास्त झाला की समोरचं पान धरतो, कमी झाला की पट्टी कोपऱ्यातून उलते. चाळिसाव्या प्रतीपर्यंत हात बसला. आधी विकल्या गेलेल्या ३६० प्रतींचं काय? ज्यांचे पत्ते होते त्यांना पट्टी पोस्टाने पाठवली. बाकीच्यांच्या घरात १७४१ तसाच आहे, आणि त्याची टोचणी जात नाही.

*

सुधारणांसाठी एक प्रत बाजूला ठेवलेली असते. खाकी कव्हर, आत लाल पेन. वाचकाने काही कळवलं की त्याच दिवशी त्या पानावर नोंद: काय चुकलं, कुणी सांगितलं, तारीख. मोबाइलमध्ये ठेवलेल्या नोंदी मला नंतर कधीच सापडल्या नाहीत. ह्या प्रतीत आज बासष्ट नोंदी आहेत. त्यांतल्या चाळीसएक शुद्धलेखनाच्या. त्यांच्यासाठी आवृत्ती काढायची गरज नव्हती. बाकीच्यांसाठी होती.

*

नवा मजकूर बारा पानांचा झाला. १७६ आणि १२, म्हणजे १८८. फर्म्यात बसत नाही. छापायची तर १९२च. उरलेल्या चार पानांत काय घालावं ह्यावर आठवडा गेला. शेवटी पहिल्या आवृत्तीत काय चुकलं होतं आणि आता काय बदललं, ह्याची यादी घातली. जुनी प्रत असलेल्या माणसाने दुकानात उभ्या उभ्या ती वाचावी आणि पुस्तक विकत न घेता परत ठेवावं, तरी माझी काही हरकत नाही.

सोळा पानं वाढली की जाडी वाढते. जुन्या मुखपृष्ठाची फाइल तशीच दिली तर स्पाइनवरचं नाव सरकून घडीवर येतं. नव्या आवृत्तीचं मुखपृष्ठ, चित्र तेच असलं तरी, पुन्हा मापून घ्यावं लागतं.

*

१९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने प्रती पाठवायच्या: एक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ग्रंथालयांना एकेक. लेखक स्वतःच प्रकाशक असेल तर पाठवणारा तोच. आधीची आवृत्ती पोचली असेल आणि नव्या छपाईत काहीच बदल नसेल तर पुन्हा पाठवावी लागत नाही. बदल असेल तर पाठवावी लागते. बाजारात विसरला गेलेला फरक कायद्याच्या लक्षात आहे.

*

प्रकाशनाची तारीख. माझी चूक इथे मांडून ठेवते.

गुढीपाडवा जाहीर केला होता. सभागृह ठरलं, निमंत्रणं गेली, प्रकाशनपूर्व सवलतीत ११० जणांनी पैसे भरले. बाइंडिंगहून आदल्या रात्री पंचवीस प्रती आल्या, गोंद पुरता वाळलेला नव्हता. व्यासपीठावर पाहुण्यांनी पुस्तक उघडलं आणि मधला फर्मा त्यांच्या हातात आला. त्यांनी तो शांतपणे आत सरकवला आणि बोलत राहिले. मी त्यांची आजन्म ऋणी आहे. ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांना पुस्तक मिळायला अक्षय्य तृतीया उजाडली.

आता नियम एकच. सगळ्या प्रती घरात येऊन आठ दिवस पडून राहिल्या पाहिजेत. वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून दहा प्रती काढून पूर्ण उघडून बघायच्या. तारीख त्यानंतर जाहीर करायची.

*

छापखान्याचं वर्ष वेगळं असतं. गणपतीच्या आधीपासून दिवाळी अंक मशीनवर असतात, त्यामागून दिनदर्शिका. त्या दिवसांत ५०० प्रतींच्या एकट्या पुस्तकाला दसऱ्याचा मुहूर्त मागणं म्हणजे पंगत बसल्यावर वेगळा स्वयंपाक मागणं. पावसाळ्यात मशीन मोकळी असतात, पण कागद ओल धरतो आणि लॅमिनेशन केलेली मुखपृष्ठं वळतात. मी मजकूर मेमध्ये देते आणि छपाई नोव्हेंबरअखेर मागते.

*

नोव्हेंबरअखेर छापलं की पुस्तक डिसेंबरात तयार होतं, आणि मग प्रश्न येतो: क्रेडिट पानावर डिसेंबर की जानेवारी? राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांसाठी त्या कॅलेंडर वर्षातली पहिली आवृत्ती लागते. डिसेंबरचं पुस्तक महिन्याभरात 'गेल्या वर्षीचं' होतं. म्हणून पुष्कळ जण डिसेंबरात विकायला काढतात आणि आत जानेवारी छापतात. मी जानेवारी छापते तेव्हा गठ्ठे जानेवारीपर्यंत घरातच राहतात, विक्रेत्यालासुद्धा देत नाही. साहित्य संमेलनाचा ग्रंथविक्रीचा हंगाम तरीही साधतो: ९७वं अमळनेरला फेब्रुवारी २०२४मध्ये झालं, ९८वं दिल्लीला फेब्रुवारी २०२५मध्ये.

*

पोस्टाची नोंद: मे २०२५पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू झालंय. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं. इथेही क्रेडिट पान.

*

दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही. आप्पा बळवंत चौकातले विक्रेते दर महिन्याला विचारतात. मागच्या आठवड्यात पान ८८ चं नवं प्रूफ लिंबच्या विहिरीवर गेलेल्या गुरुजींना पाठवलं, आणि राहवेना म्हणून सोबत बाकीचेही फर्मे. काल टपाल आलं. शके १६४१ वर त्यांनी शिसपेन्सिलीने बरोबरची खूण केली आहे. पान १३१ वर मात्र एका पायरीच्या मापाभोवती गोल काढून शेजारी लिहिलंय, "मोजून कळवतो."

क्रेडिट पानावर दुसऱ्या आवृत्तीपुढची जागा मोकळी ठेवली आहे.