अंतुल्यांचे आले

बँकेचा मेसेज आला की आत्या मला पुण्याला फोन करते. "अरे, अंतुल्यांचे आले." म्हणजे निराधार योजनेचे पंधराशे रुपये. बॅरिस्टर अ. र. अंतुले २०१४मध्ये वारले. पैसे सरकार देतं. पण पालीत पापड लाटून दिवस काढलेल्या माझ्या विधवा आत्याला हे सांगून उपयोग नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८०मध्ये अंतुल्यांनी आणली, म्हणून पैसे त्यांचे.

माणूस आमच्याच जिल्ह्यातला, आंबेतचा. लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झालेला. जून १९८०मध्ये मुख्यमंत्री झाला आणि कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं. शिवरायांच्या राजधानीचं नाव जिल्ह्याला दिलं ते एका कोकणी मुसलमानानं, हे हल्ली कुणाला सांगितलं की समोरचा आधी गूगल करतो.

मला मात्र ते आधी भेटले मित्राच्या वकिलीच्या नोट्समध्ये. 'अंतुले विरुद्ध नायक', सुप्रीम कोर्ट, १९८४ आणि पुन्हा १९८८. मुळात प्रकरण सिमेंटचं. तेव्हा सिमेंट दुकानात जाऊन हवं तेवढं मिळत नसे. सरकार कोटा ठरवायचं. बिल्डरांना जादा सिमेंट आणि अंतुल्यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला देणग्या, या दोन्हींचा संबंध असल्याचं मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्ती लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ला म्हटलं. मुख्यमंत्रिपद गेलं. पुढचा खटला कोणत्या कोर्टात चालवायचा यावरच वर्षं गेली. १९८८मध्ये सात न्यायाधीशांच्या खंडपीठानं, खटला हायकोर्टाकडे पाठवण्याचा आपलाच आधीचा आदेश चुकीचा ठरवला. आमच्या लोकांनी मात्र त्यांना लोकसभेत पाठवलं, अगदी २००४मध्येही.

फाईल अडू न देता जागच्या जागी निर्णय घेणारा मुख्यमंत्री, अशी त्यांची ख्याती. मला ते भारी वाटायचं. आणि देणगी? प्रतिष्ठानला दिली ना, खिशात तर नाही घातली, असं मी मित्राशी वाद घालताना म्हणायचो.

गेल्या वर्षी आत्याचे पैसे चार महिने बंद झाले. आधार आणि बँक खात्यातल्या नावात एका अक्षराचा फरक. असे फॉर्म बनवणं हे माझं रोजचं काम. नाव जुळलं नाही तर पुढे जाऊ न देणारा कोड मीही लिहिलाय. दोन वेळा रजा टाकून आलो, खेटे घातले, काही हललं नाही. मग ओळखीतला एकजण स्टँडवर भेटला. "साहेबांना सांगतो, आठवड्यात होईल. तेवढं मंडळाच्या उत्सवाला काहीतरी बघा. जबरदस्ती नाही."

मी दोन हजार दिले. रीतसर पावती मिळाली, वर गणपतीचं चित्र. नवव्या दिवशी पैसे जमा झाले.

आत्याबरोबर त्याच रांगेत एक आजी बसायच्या, जांभूळपाड्याकडच्या. त्यांचं काय झालं हे मी विचारलं नाही. त्यांच्यासाठी दोन हजार कोण देणार होतं?

पावती अजून पाकिटात आहे. आत्याला सांगितलेलं नाही. परवा तिचा फोन आला.

"अंतुल्यांचे आले रे."

"हो," म्हटलं.