टाकीचा चिल्ला

घरातल्या काचेच्या टाकीतला मासा मेला, की आपल्याकडे कुणीतरी पटकन बोलून जाते, "चलो, घर की बला टली." माशाने म्हणे घरावरचे संकट स्वतःवर घेतले. हे वाक्य मी साताऱ्यात ऐकले आहे, कराडला ऐकले आहे, आणि सांगलीला माझ्या आपाच्या घरी तर एकाच आठवड्यात चार वेळा ऐकले. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडेही हाच समज आहे, शब्द तेवढे वेगळे. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. समोरच्याचे दुःख हलके करायचे असते. पण या समजुतीमुळे मासा कशाने मेला हे कुणी विचारत नाही. पुढच्या रविवारी त्याच टाकीत नवे मासे येतात आणि तेही मरतात.

आपाच्या धाकट्या मुलाने, म्हणजे माझ्या आठ वर्षांच्या भाच्याने, दोन वर्षांची ईदी जपून ठेवली होती. ईदनंतरच्या रविवारी त्या पैशांतून दोन फूट लांबीची टाकी आली. दुकानदाराने त्याच संध्याकाळी टाकी, रंगीत खडी, पंप आणि नऊ मासे दिले. घरी येऊन पाणी भरले, मासे सोडले, दिवा लावला. पहिले तीन दिवस घरातला टीव्ही बंद होता, सगळे टाकीपुढे. पाचव्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून हापापल्यासारखे करू लागले. सहाव्या दिवशी पहिला मेला, अकराव्या दिवशी शेवटचा. दुकानदार म्हणाला, "नवी टाकी आहे, होतं असं. दुसरे घेऊन जा."

मी त्या आठवड्यात सांगलीलाच होते. परसातल्या पेरूच्या झाडाखाली नववा मासा पुरून आल्यावर भाचा माझ्याजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "खाला, मैं रात को आयतल कुर्सी पढ्या नै, इसलिए मरे क्या?"

मोठ्यांनी "बला टली" म्हणून विषय संपवला होता. मुलाच्या मनात तो संपला नव्हता. आपल्यावरची बला माशांवर गेली असेल, तर ती आली कुणामुळे, याचा हिशेब तो एकटाच करत होता.

मी त्याला ग्रहणाची हकीकत सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले चिरंजीव हजरत इब्राहीम यांचे निधन झाले, त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. मुलाच्या जाण्याने प्रेषितांचे (स.) डोळे भरून आले होते. तरी त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले, की कुणाच्या मरणाने किंवा जगण्याने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही. स्वतःच्या दुःखातसुद्धा त्यांनी चुकीची समजूत चालू दिली नाही. मग नऊ माशांसाठी आपण ती का चालू द्यावी? मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. तेव्हा गावाची बला टळली असे म्हणून कुणी घरी बसले नाही. पाण्यात काय मिसळले, असा सवाल सगळ्यांनी केला. घरातल्या टाकीलाही तोच सवाल लागू आहे.

भाच्याचा पुढचा प्रश्न बिनतोड होता. आरोग्य खात्याची माणसे डासांसाठी हौदात आणि डबक्यात गप्पी मासे सोडतात, ते तिथे मजेत जगतात. मग स्वच्छ टाकीत, स्वच्छ पाण्यात मासा का मरतो?

उत्तर त्या 'स्वच्छ' शब्दातच आहे. मासा खातो, विष्ठा टाकतो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनियाच निघतो. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, पण माशाचे कल्ले जाळतो. जुन्या हौदाच्या दगडावर, डबक्याच्या गाळावर जे बुळबुळीत लिंपण असते, त्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच असते, त्याने माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट थोड्या प्रमाणात माशाला सोसते आणि झाडांना तर ते खतच आहे. मुंबईच्या जुम्मा मशिदीचा प्राचीन हौद ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातले मासे आठवतील. अशा जुन्या हौदाच्या दगडांवर या जिवाणूंची वस्ती पक्की झालेली असते. दुकानातून आणलेल्या नव्या काचेवर आणि धुतलेल्या खडीवर मात्र त्यांची वस्ती जवळजवळ नसतेच. म्हणून माशांची घाण साचत जाते आणि पाणी आरशासारखे दिसत असतानाच मासे मरतात.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. उसाच्या फडात टाकलेला युरिया जमिनीतले हेच जिवाणू पिकाला घेता येईल असा करतात. शेणखतसुद्धा कुजवूनच घालतात, ताजे शेण पिकाच्या मुळाशी कुणी ओतत नाही. विज्ञानाला हे कळले तेही सांडपाण्यावरूनच. 1877 साली श्लोझिंग आणि म्युंत्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी सावकाश सोडले. सुमारे वीस दिवस अमोनिया जसा आत जाई तसाच बाहेर येई. मग हळूहळू नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच काम थांबले. बागेतल्या मातीचे धुवण घातल्यावर ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे हे काम करणारे कुणी सजीव होते. पुढे 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी ते जिवाणू वेगळे करून दाखवले.

हे जिवाणू फार सावकाश वाढतात. दुधाचे दही एका रात्रीत होते, यांना मात्र चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा नको. पण जिवाणूंना खायला अमोनिया तर हवा. तो आपण वरून पुरवायचा.

भाच्याला नुसते सांगून पटणार नव्हते, म्हणून साताऱ्याला परतल्यावर मी स्वतःच एक टाकी आणली. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट, खडी घालून वर थोडी जागा सोडली की 45 ते 50 लिटर पाणी. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणूंनाही मारते, म्हणून पाणी उघड्या बादल्यांत दिवसभर ठेवून मग भरले. स्पंजचा फिल्टर चोवीस तास चालू ठेवला. जिवाणू पाण्यात कमी आणि स्पंजवर, खडीवर जास्त राहतात आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो. रोज माशांच्या खाद्याची एक चिमूट पाण्यात टाकायची. मासा एकही नाही.

पाणी तपासायच्या थेंबांच्या बाटल्या मिळतात, त्या आणल्या. काचेच्या नळीत थोडे पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. अमोनिया असला तर पिवळ्याचा हिरवा होतो, नायट्राइट असले तर आकाशीचा जांभळा. रोज मगरिबनंतर मी तपासायची आणि रंगांचा फोटो भाच्याला पाठवायची. तो तिकडे वहीत तारीख घालून लिहायचा. पाचव्या दिवशी रंग हिरवा झाला. आठवड्याने पाणी दुधाळ झाले. ते बदलायचा मोह होतो, पण बदलायचे नसते. ते आपोआप निवळते. तेराव्या दिवशी पहिला जांभळा रंग दिसला. चोविसाव्या दिवशी अमोनिया शून्यावर आला, पण नायट्राइट भडक जांभळे होते. आणि मग बारा-तेरा दिवस काहीच हलले नाही.

घरात थट्टा सुरू झाली होती. पाहुणे येत, रिकाम्या टाकीकडे बघत आणि मासे कुठे गेले म्हणून विचारत. माझ्या सासूबाईंनी एकदा विचारले, हे असे किती दिवस? मी म्हटले, चाळीसेक. त्या हसल्या. "म्हंजे टाकी का चिल्ला है बोलो!"

त्यांनी एका शब्दात सगळे सांगितले. बाळंतिणीचा चिल्ला आपल्याकडे प्रत्येक घराला ठाऊक आहे. ते चाळीस दिवस बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असे वाटते. पण त्या दिवसांत शरीर आतून भरून येत असते, म्हणून घरातली मोठी बाई कुणाला घाई करू देत नाही. त्यानंतर टाकीविषयी घरात कुणी टोकले नाही. सासूबाईच पाहुण्यांना सांगायच्या, चिल्ला चालू आहे.

सदतिसाव्या दिवशी नायट्राइटचा रंग आकाशी राहिला. आणखी तीन दिवस खाद्य टाकून पाहिले, चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. निम्मे पाणी बदलून साठलेले नायट्रेट कमी केले आणि एकेचाळिसाव्या दिवशी तीन गप्पी सोडले. तीनच. जिवाणूंची संख्या त्यांना मिळणाऱ्या अन्नाएवढीच असते. एकदम दहा मासे आले तर ती पुरी पडत नाही. आठ-दहा दिवसांनी आणखी तीन आणले.

भाच्याच्या टाकीला मात्र चाळीस दिवस लागले नाहीत. दही लावायला शेजारून विरजण आणतो, तसे इथेही करता येते. माझ्या फिल्टरमध्ये दोन स्पंज होते. त्यातला एक टाकीच्याच पाण्यात भिजवून, वर भरपूर हवा ठेवून डब्यात घातला आणि सकाळच्या एसटीने सांगलीला नेला. आपाने पहिली टाकी गरम पाण्याने आणि ब्लिचिंग पावडरने घासून माळ्यावर ठेवली होती. जी काही थोडी वस्ती झाली असेल तीही त्यात गेली होती. ती टाकी आधीच नीट खळखळून, वाळवून ठेवायला सांगितले होते. तिच्यात मुरवलेले पाणी भरले, स्पंज बसवला आणि भाच्याने स्वतःच्या हाताने खाद्याची चिमूट टाकली. बाराव्या दिवशी त्याचाच फोन आला, "खाला, दोनो झिरो!"

एक फरक त्याला वहीत दिसला. साताऱ्याला आमच्या भागात कासचे पाणी येते, ते हलके. आपाकडे टाकीत बोअरचे पाणी भरतात, किटलीत पांढरा खार बसतो. अशा क्षारयुक्त, अल्कधर्मी पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. जिवाणूंना मात्र हे पाणी मानवते, हलक्या पाण्यात त्यांचे काम रेंगाळते. आमच्याकडचे ते बारा-तेरा दिवस अडकले, त्यामागे हेही असावे. कासहून निघणारी उरमोडी पुढे कृष्णेला मिळते आणि कृष्णा सांगलीवरून जाते. खोरे एकच, तरी पाण्याचा स्वभाव गावागणिक वेगळा. म्हणून दुसऱ्याच्या टाकीवरून दिवस मोजू नयेत. आपल्या पाण्याचा रंग बघावा.

प्राणी पाळायला आपल्या धर्मात मनाई नाही. प्रेषितांच्या (स.) परिचयातल्या अबू उमैर नावाच्या लहानग्याकडे एक चिमणीएवढा पक्षी होता आणि प्रेषित (स.) त्या पाखराची लाडाने चौकशी करत, असे हदीसमध्ये येते. आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हकीकतही हदीसमध्येच आहे. तिने मांजरीला ना खायला दिले, ना स्वतःचे अन्न शोधायला सोडले. कोंडलेल्या जिवाला स्वतःची सोय करता येत नाही, हा त्यातला मुद्दा आहे. टाकीतला मासाही असाच. नदीतला मासा घाण पाण्यातून निघून जाऊ शकतो, टाकीतल्याला चार काचांपलीकडे जायला जागा नाही. तो आपल्याकडे अमानत आहे.

म्हणून मुलांनी टाकी मागितली तर नाही म्हणू नका. या महिन्यात टाकी घ्या, मासे पुढच्या महिन्यात. दुकानदार दोन्ही एकदम देऊ लागला तर मासे तिथेच राहू द्या. कुणाची जुनी, चांगली चाललेली टाकी असेल तर तिच्यातला स्पंज मागून घ्या. फिल्टर मळला तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली धरू नका. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, सगळे कधीच नाही. वीज बराच वेळ जाणार असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप जवळ ठेवा. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच. आणि काढलेले पाणी मोरीत ओतू नका. वजूच्या पाण्यातही उधळपट्टी नको असे आपण मुलांना शिकवतो, आणि हे तर खताचे पाणी आहे. आपाकडे ते पेरूला जाते, आमच्याकडे कुंडीतल्या मोगऱ्याला.

एवढे करूनही एखादा मासा मरेल. प्रत्येक जिवाची मुदत ठरलेली आहे. तेव्हा मुलाला जवळ घ्या, मासा पुरा आणि मग दोघे मिळून पाणी तपासा.