दहा हजार नको, शंभर पुरे!

रिपोर्ट ई-मेलवर आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभा होतो. एचबीएवनसी ६.१. पुढची दोन मिनिटं मोबाईलवर शोधाशोध. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ पासून पुढे डायबिटीस आणि मधला पट्टा प्रीडायबिटीसचा. म्हणजे आपण बरोब्बर मध्ये! वय वर्षं एकतीस. हातातल्या ट्रेमध्ये पावभाजी, वर एक्स्ट्रा बटर. खावी की ठेवावी या विचारात टेबलापर्यंत पोचलो, आणि खाल्ली.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आजकाल सगळ्यांचंच असतं. खरंय. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १०.१ कोटी लोकांना डायबिटीस आहे आणि १३.६ कोटी लोक प्रीडायबिटीसच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या गर्दीत उभं राहिलं की भीती जरा कमी वाटते. मला मात्र वाटत होती, कारण घरी बाबा होते.

बाबांचा डायबिटीस बावीस वर्षांचा. गोळ्या वेळेवर, चालणं ‘उद्यापासून’. दोन वर्षांपूर्वी त्यांना नवी चप्पल चावली. पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे त्यांना ते कळलंच नाही. जखम चिघळली आणि शेवटी डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. हॉस्पिटलमध्ये त्यांच्या उशाशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. बाबा म्हणाले, ‘‘तू तुझं काम कर रे, मला काही होत नाही.’’ त्यांना खरंच काही होत नव्हतं, म्हणजे दुखत नव्हतं. तेच तर भयंकर होतं.

त्यामुळे माझा रिपोर्ट आला तसा मी टिपिकल आयटीवाल्यासारखा कामाला लागलो. प्रोजेक्ट ‘नवा मी’! जिमची वर्षाची मेंबरशिप, पहाटे साडेपाचचा अलार्म, किन्वा, ऑलिव्ह ऑइल, मनगटावर बँड आणि रोज दहा हजार पावलांचं टार्गेट. आई पोळ्या लाटता लाटता नुसती बघत होती. अकरा दिवस झकास गेले. बाराव्या रात्री क्लायंटचा कॉल दीड वाजेपर्यंत चालला. सकाळी अलार्म बंद केला तो केलाच. पुढे पुढे कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या बसच्या खिडकीतून जिमची पाटी दिसली, की मी मान दुसरीकडे वळवायचो.

नंतर कळलं, की हा दहा हजाराचा आकडाच मुळात जाहिरातीतला. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच होतं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं मीटर. आकडा गोल, लक्षात राहणारा. गेला जगभर! चालणं वाईट नाही हो, पण सात हजारांवर थांबलो की मला नापास झाल्यासारखं वाटायचं. आणि नापास होण्याची हौस कुणाला असते?

मग एका रात्री जेवण झाल्यावर बाबा दारात उभे. जखम केव्हाच भरली होती, डॉक्टरांनी खास बूट दिले होते आणि जेवल्यावर थोडं चाला म्हणून सांगितलं होतं. ‘‘खाली येतोस का जरा? अंधारात एकट्याला पायाचा भरवसा वाटत नाही.’’ बाबांनी असं काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. गेलो. पार्किंगमध्ये गेटपासून जनरेटरपर्यंत आणि परत. दहा मिनिटं. बाबा म्हणाले, ‘‘तुझी आजी आम्हाला शतपावली केल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकू द्यायची नाही. मीच सोडली.’’

शतपावली! बघा ना, शब्दातच टार्गेट आहे, तेही फक्त शंभरचं. वेळही ठरलेली, जेवण झाल्यावर. आता जेवायचं कोण विसरतं? कितीही वाईट दिवस असो, शंभर पावलं नाही जमली असं म्हणायला तोंड नको? त्यात शास्त्रही आहे. जेवणानंतर रक्तातली साखर चढत असते. नेमकं तेव्हाच पायांचे स्नायू कामाला लागले, की ते ती साखर इंधन म्हणून ओढून घेतात.

तिथून माझा फंडा बदलला. नवीन काही उभारायचं नाही, जे रोज होतंच त्याला काहीतरी चिकटवायचं. ऑफिसच्या मशीनचा चहा मुळातच गोड पावडरचा, आणि मी दिवसाला पाच कप मारायचो. बंद नाही केला. अकरा आणि चारचा ब्रेक तोच, गॉसिप तेच, कपात फक्त पाणी. सकाळचा आईच्या हातचा चहा मात्र शाबूत, अर्धा चमचा साखर घालून. दुपारचा डबा संपला की खुर्चीत बसण्याआधी बिल्डिंगला एक चक्कर. आधी टीममधले हसले, आता चौघं असतो.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ असं आपण ऐकलेलं असतं. माझी एकवीस दिवसांत काही लागली नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये ९६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ पर्यंत लागतील असा हिशेब निघाला. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडत नव्हतं. हे मला जिमच्या बाराव्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर! मार्चमध्ये रिलीजच्या आठवड्यात माझे सलग चार दिवस बुडाले. पाचव्या दिवशी बाबांनी काही न बोलता माझ्या चपला दारात सरळ करून ठेवल्या.

सहा महिन्यांनी पुन्हा टेस्ट केली. ५.८. पेढे वाटण्यासारखं काही नाही, अजून त्याच पट्ट्यात आहे. पण काटा उलट्या दिशेनं सरकलाय. बाबांची करंगळी काही परत येणार नाही. रोज रात्री पायमोजा काढून ते तळवा आरशात तपासतात, आता आरसा धरायचं काम माझं.

परवा बाबा ताईकडे नाशिकला गेले होते. रात्री जेवलो, हात धुतले, पायात चपला सरकवल्या. जनरेटरपाशी पोचल्यावर लक्षात आलं, अरे, आज बरोबर कुणीच नाही. कुणी सांगितलंही नव्हतं. तेवढ्यात मोबाईल वाजला.

‘‘झाली का शतपावली?’’

‘‘चालू आहे. तुमची?’’

‘‘तेच. ताईची गच्ची मोठी आहे रे, शंभरच्या वर जातंय!’’